दुसरं भोक

अकरा मैल व्यवस्थित.
मग वाइल्डकॅट टेकड्यांचा चढ लागतो,
ती दोन आचके देते, तिसरा अर्धवट,
आणि कडेच्या खडीवर येऊन गप्प.
वीस मिनिटं थांबा.
पुन्हा सुरू, काही झालंच नव्हतं अशी.

अडुसष्टची फोर्ड. पेट्रोलची टाकी सीटच्या मागेच,
वळणावर पाठीशी डुचमळते,
मागे कुणी भरली कळशी मांडीवर घेऊन बसल्यासारखी.
आर्डिथ केनिगने मला सहाशे डॉलरला दिली,
वर नवऱ्याचे पाने, दुधाच्या क्रेटमध्ये.
"मर्लने नुसतं ऐकून सांगितलं असतं."
मर्ल नव्हता. मी होते,
गेरिंगपलीकडच्या साखर कारखान्यात
बीटाच्या रसाची शुद्धता मोजणारी,
मोजल्याशिवाय कशाचंच खरं न मानणारी.

म्हणून फिल्टरमधलं पेट्रोल आधी बरणीत ओतलं.
तळाशी विटकरी गाळ, बोटभर.
वाटलं, सापडलं!
नवा फिल्टर, अकरा मैल, गप्प.

मग रबरी नळ्या, आतून इतक्या मऊ पडलेल्या
की ओढ लागली की स्वतःवरच मिटायच्या.
मग पंप. त्याचा पडदा दिव्यासमोर धरून पाहिला,
चांगला होता, तरी बदलला;
एव्हाना मी रागावले होते.
ऑक्टोबरात कार्बुरेटर स्वयंपाकघरात आला.
ओट्यावर वर्तमानपत्र, त्यावर स्प्रिंगा, गोळ्या, स्क्रू,
पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत थेंब नाही,
आणि जेटच्या भोकातून बारीक तार घालताना
हाताला आपोआप आठवली आईची स्टोव्हची पिन.
आई शिव्या देत पिन मारायची,
ज्योत निळी झाली की विषय संपला.

इथे संपला नाही.
तोच चढ, तीच खडी.
बीटांनी लादलेले ट्रक शेजारून वर जात राहिले,
एकाने भोंगा वाजवला, दयेने असावा.

त्या दिवशी आर्डिथ बरोबर होती.
"पेट्रोल तरी आहे ना?" म्हणत उतरली,
दाराजवळचं झाकण फिरवलं,
आणि टाकीने श्वास घेतला.
भस्स.
बाहेर नाही, आत.

झाकण चकचकीत, किल्लीचं.
"हे नवं?"
"जुनं किंबलच्या पंपावर राहिलं.
मर्लला दवाखान्यात ठेवून परत येत होते.
नंतर हे घेतलं. कुलूपवालं, पक्कं बसणारं."

पंधरा किलोचा गोडेतेलाचा डबा.
बाबा खिळा ठेवून एका कोपऱ्यात भोक पाडत,
मग समोरच्या कोपऱ्यात दुसरं.
तेल तर एकातूनच येतं, मी म्हणाले होते.
"दुसऱ्यावर बोट ठेव."
ठेवलं. धार गुडगुडली,
दोन आचके दिले, तिसरा अर्धवट.

मी त्या खडीवर उभी राहून एकटीच हसत होते,
आणि आर्डिथ माझ्याकडे
हवामानाकडे बघावं तशी बघत होती.
एवढा गाळ मोजला. हवा मोजायची राहिली.

घरी तिने झाकण फडक्यात घट्ट धरलं,
मी मर्लच्या क्रेटमधला सगळ्यात बारीक बिट लावला.
पितळेचा एक केस निघाला, कुरळा.
आता झाकणाला कुलूप आहे, किल्ली आहे
आणि एक भोक.

रविवारी चढ कधी संपला कळलंच नाही.
वर सगळं सपाट, वाळलेलं गवत, कुंपणं, वारा.
मी गाडी वळवायला हळू केली,
तर आर्डिथ पाकीट मांडीवर सरळ करत म्हणाली,
"किंबलपर्यंत जाऊ या की.
पंपावर विचारू, ते झाकण ठेवलंय का कुणी."
तीन वर्षं झाली होती.
मी तिसरा गिअर टाकला.